बेचाळीस पैशांची हळद

दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता रूपराव ताकसांडे इस्त्रीचा सदरा घालून मोबाइलसमोर बसत आणि त्यांच्या बाजूला विमलाबाई पदर सारखा करून बसत. फोन पोटच्या पोराचा, तोही त्याच्या भाड्याच्या खोलीतून. पण पोरगा परदेशात भारताच्या वकिलातीत नोकरीला, तेव्हा त्याचा फोन बनियनवर घेणं रूपरावांना बरोबर वाटत नसे.

धम्मदीप युरोपातल्या एका थंड देशात आर्थिक धोरण विश्लेषक होता. हे पद आंजी (मोठी) गावात कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. "बँकेत हाय का?" लोक विचारत. नाही. "मंग व्हिसा देते?" तेही नाही. शेवटी रूपरावांनीच तोड काढली. ते स्वतः सदतीस वर्षं तलाठी होते. त्यांनी पानठेल्यावर जाहीर करून टाकलं, "तो तिथला तलाठी हाय. मी गावाची पैसेवारी काढत होतो, तो देशाची काढते." हे मात्र सगळ्यांना लगेच समजलं. एकदोघांनी तर तिकडे सातबाऱ्याला किती घेतात तेही विचारलं.

पैसेवारी म्हणजे पिकाला सरकारने दिलेले मार्क. पीक भरपूर आलं तर रुपया आणि पन्नास पैशांच्या आत आलं तर दुष्काळ. दुष्काळ जाहीर झाला की शेतसारा माफ, वीजबिलात सूट आणि पोरांच्या परीक्षेची फी माफ. त्यामुळे रूपरावांनी सदतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही चांगलं पीक पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, लिहिलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी गावाने त्यांना शाल दिली ती उगाच नाही.

विमलाबाईंचा मात्र या सगळ्याशी संबंध नव्हता. त्यांचा प्रश्न एकच होता आणि तो दर रविवारी तोच असे. "तू कधी येतं?"

"अर्ज टाकला हाय, आई. विचाराधीन हाय."

धम्मदीपला गाव सोडून दोन वर्षं चार महिने झाले होते. तेवढ्या काळात विमलाबाईंनी वकिलातीची भाषा शिकून घेतली होती. 'विचाराधीन' म्हणजे कागद टेबलावर आहे. 'सकारात्मक प्रतिसाद' म्हणजे साहेब हसले. 'योग्य वेळी' म्हणजे नाही. फोन ठेवला की त्या उठून कामाला लागत. दर शनिवारी मात्र पोराची वाकळ अंगणात दोरीवर उन्हात टाकत. शेजारच्या कौशल्याबाई कुंपणावरून विचारत, "पोरगा येऊन राह्यला का वं?"

"नाई. वाकळ सर्द होते," विमलाबाई सांगत. मे महिन्यातसुद्धा हेच सांगत.

हळदीचं प्रकरण सुरू झालं ते जुलैत. त्या थंड देशातल्या लोकांना एकाएकी हळदीचं दूध प्यायचा नाद लागला होता. तिथल्या सरकारला भारताकडून हळद घेण्याचा पाच वर्षांचा करार करायचा होता आणि आपल्या वकिलातीत दर आठवड्याला हळदीवर टिपण लिहायचं काम धम्मदीपकडे आलं होतं. दिल्लीहून पिकाची माहिती यायची, पण ती इतक्या सावकाश की तोवर हळद निघून, शिजून, वाळून दुधात पडलेली असायची. एका रविवारी त्याने सहज विचारलं, "बाबा, यंदा आपल्याकडं हळद कशी हाय?"

रूपरावांच्या घरामागे दोन एकर हळद होती. ते म्हणाले, "बरी हाय. पानं टवटवीत हायेत. पाणी कुठं साचलं नाई."

धम्मदीपने ते टिपणाच्या खाली तळटीप म्हणून टाकलं: 'वर्धा जिल्ह्यातील अनुभवी निरीक्षकाच्या मते.' राजदूतांनी आख्खं टिपण वाचलं नाही, तळटीप तेवढी वाचली. ती त्यांना फार आवडली. पुढच्या आठवड्यातही घ्या म्हणाले.

रूपरावांना दहा वर्षांनी काम मिळालं. ते शनिवारी छत्री आणि वही घेऊन निघत, चार शेतं फिरत, बांधावर बसून शेतकऱ्यांशी बोलत आणि रविवारी सहा वाजता अहवाल वाचून दाखवत. फक्त आकडा देत नसत. आकडा म्हटला की त्यांची जीभ आपसूक पन्नासच्या आत जायची आणि पोराचं काम खोटं पडू नये एवढं भान त्यांना होतं.

"तुमचं सांगितलेलं वरपर्यंत जाते, बाबा," धम्मदीप एकदा म्हणाला.

विमलाबाईंनी फोन आपल्याकडे वळवला. "मी दर रविवारी येजो म्हणते. ते काऊन नाई टाकत खाली?"

"आई, तळटिपेत पिकाचंच टाकतात."

ऑक्टोबरात तो येईल असं वाटत होतं. तो परदेशी जाण्याआधी दरवर्षी तिघं मिळून नागपूरला दीक्षाभूमीवर जात. यंदा अर्जाला 'सकारात्मक प्रतिसाद' मिळाला आणि नंतर 'योग्य वेळी' आलं. दोघंच गेली. परतीच्या बसमध्ये भाकरीचं फडकं सोडल्यावर विमलाबाईंच्या लक्षात आलं, आपण तिघांचं बांधून आणलं. उरलेली भाकर त्यांनी पुन्हा बांधली आणि वर्धा येईपर्यंत मांडीवर धरून बसल्या.

घरी आल्यावर चहा गाळताना त्यांनी विचारलं, "तुम्ही एका साली अठ्ठेचाळीस पैसे लिहलं होतं. तवा दिल्लीचं पथक आलतं ना पाहायले?"

"आलतं. पाच गाड्या होत्या."

"मीच चहा केलता त्यांचा. बांधावर उभं राहून पिऊन गेले."

"हाव."

"चांगलं पीक असलं त कोणी येते का?"

"चांगल्या पिकाले कोण येते?" रूपराव म्हणाले. हे त्यांच्या सदतीस वर्षांच्या अनुभवाचं सार होतं.

"मंग," विमलाबाई म्हणाल्या आणि कप त्यांच्यापुढे ठेवला.

रूपरावांना समजायला अर्धा कप लागला. "मी खोटं सांगू? वकिलातीले?"

विमलाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात सदतीस वर्षांच्या सगळ्या पैसेवाऱ्या सालवार लावलेल्या होत्या. रूपरावांनी उरलेला चहा मुकाट्याने संपवला.

पुढच्या रविवारी त्यांनी वही उघडली, घसा साफ केला आणि पिढीजात सराव असल्यासारखा आकडा सोडला. "हळद बयाळीस पैसे."

पलीकडे शांतता पसरली. लाइन खराब असावी, असं रूपरावांना वाटलं.

"बयाळीस?" धम्मदीपने विचारलं.

"बयाळीस. कंदमाशी लागली."

"कंदमाशी," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "बरं. लिहतो."

त्यानंतर जे झालं त्यात कोणाचीच चूक नव्हती. प्रत्येकाने आपापलं काम नियमाप्रमाणे केलं. राजदूतांनी तळटीप वाचली आणि तिथल्या व्यापार खात्याला मैत्रीच्या नात्याने कानावर घातली. व्यापार खात्यातून ती एका वर्तमानपत्रात गेली. दुसऱ्या दिवशी त्या थंड देशात लोकांनी दुकानांपुढे रांगा लावून हळदीच्या पुड्या घरी नेल्या. तिसऱ्या दिवशी तिथल्या मंत्र्याने दुधात अर्धाच चमचा टाकण्याचं आवाहन केलं. चौथ्या दिवशी कराराची बोलणी थांबली आणि दिल्लीला तातडीचा खलिता आला: वर्धा जिल्ह्यातल्या हळदीचं नेमकं काय झालं?

दिल्लीने मुंबईला विचारलं, मुंबईने कलेक्टर कचेरीला, कचेरीने तहसिलीला. तहसिलीने आंजीच्या तलाठ्याला विचारलं, कारण त्याच्या खाली विचारायला कोणी नसतं.

आंजीची तलाठी मयुरी सिंदी मेघेहून स्कूटीवर येई. पोरगी कामाची होती. पण तिच्याकडे तीन गावं, मतदार यादी, घरकुलाचे फोटो आणि सतत बंद पडणारं एक सरकारी ॲप होतं. ती सरळ रूपरावांच्या अंगणात आली. अडलं की ती इथेच येत असे.

"काकाजी, वरून आलं हाय. हळदीची पैसेवारी आजच्या आज मागून राह्यले. पाच वाजेपर्यंत. शेत पाहायले कुठं वेळ हाय? तुमच्या नजरेनं किती वाटते?"

रूपरावांनी विमलाबाईंकडे पाहिलं. विमलाबाई सुपातले गहू फार बारकाईने निवडू लागल्या.

"बयाळीस," रूपराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"देवासारखे भेटले, काकाजी," असं म्हणून मयुरीने तिथेच खाटेवर बसून लिहिलं.

अशा रीतीने बेचाळीस पैशांना दोन स्वतंत्र सूत्रांकडून दुजोरा मिळाला. दोन्ही सूत्रं एकाच खाटेवर बसून चहा पीत होती.

पथक ठरलं. बातमी मयुरीनेच आणली: दिल्लीचा एक अधिकारी, त्या देशाच्या व्यापार खात्यातली एक बाई आणि वकिलातीचा एक माणूस. विमलाबाईंना शेवटचे तीन शब्द तेवढे ऐकू आले. त्यांनी समोरच्या खोलीला चुना काढला. वाळवणातल्या खारोड्यांचा डबा खाली उतरवला. आलुबोंड्याचं सामान आणायचं ठरवलं आणि मग रद्द केलं, कारण धम्मदीपला पातोडीचा रस्सा हवा असे. कौशल्याबाईंनी कुंपणावरून विचारलं तेव्हा त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, "हाव. येऊन राह्यला."

रविवारी सहा वाजता त्या रूपरावांच्याही आधी फोनसमोर बसल्या.

"आई, पथक येऊन राह्यलं गुरुवारी," धम्मदीप म्हणाला.

"मले माहीत हाय. किती दिवस राह्यतं?"

"मी नाई, आई. दुसरा येते. माझा जिल्हा हाय ना, म्हणून मले नाई पाठवत. तसा नियम हाय."

विमलाबाईंनी हे मनात दोनदा वाचून पाहिलं. "तुझं घर इथं हाय म्हणून तुले येऊ देत नाई?"

"हाव. हितसंबंध म्हणतात त्याले."

"आणि अर्ज?"

"अर्ज मंजूर व्हायच्या बेतात होता. पण हळदीचं निस्तरेपर्यंत सगळ्यांच्या रजा बंद केल्या." मग तो हसल्यासारखं करून म्हणाला, "योग्य वेळी."

फोन ठेवल्यावर रूपराव बराच वेळ वही चाळत बसले. विमलाबाई बाहेर गेल्या, दोरीवरची वाकळ काढून आणली, घडी केली आणि घडी पुन्हा मोडून पुन्हा केली.

"वाढवा," त्या आतूनच म्हणाल्या.

"काय वाढवू?"

"पैसे. पन्नासच्या वर न्या."

"असं होत नाई. एकदा काढली म्हणजे काढली."

"तुम्ही सुधारित काढत होते ना?"

"सुधारित म्हणजे अजून कमी," रूपराव म्हणाले.

गुरुवारी अकरा वाजता तीन गाड्या आल्या. पथकाला कोणतं शेत दाखवायचं, याची एक जुनी पद्धत आहे आणि मयुरीने ती पाळली होती. नाल्याकाठी, बाभळींच्या सावलीत, पाणी साचून राहिलेला अर्ध्या एकराचा एक तुकडा तिने हेरून ठेवला होता. तिथली हळद इतकी मरतुकडी होती की बेचाळीस म्हणजे कौतुक वाटावं. दिल्लीचे अधिकारी रजत साहेब बांधावर उभे राहिले आणि त्यांनी मान हलवली. ती उंच परदेशी बाई वाकून पिवळं पान पाहू लागली आणि तिचा चेहरा उतरला. वकिलातीचा माणूस फोटो काढत होता. तो खरोखरच दुसरा कोणी होता.

आता इथून गाड्या परत वळल्या असत्या आणि हळदीचं संकट कायमचं कागदावर गेलं असतं. तेवढ्यात विमलाबाई बांधावर आल्या. "साहब, चाय ठंडी होके राह्यली. घर चलो."

"काकू, इथंच आणला असता चहा," मयुरी घाईने म्हणाली. घरामागे काय आहे ते तिला माहीत होतं.

"पाहुण्याले बांधावर चहा पाजून एकदा पाह्यलं," विमलाबाई म्हणाल्या. "त्याचा काई उपयोग नाई."

घरामागे दोन एकर हळद कंबरेच्या वर आली होती. हिरवीगार, एका पानाला डाग नाही. ती बाई चहा विसरून बांधावर जाऊन उभी राहिली. विमलाबाईंनी कुदळ घेतली, दोन घाव घातले आणि एक आख्खं झाड उपटून तिच्या हातात दिलं. खाली दोन ओंजळी भरतील एवढा गड्डा होता. त्याची माती त्या बाईच्या पांढऱ्या कोटाला लागली आणि तिने ती झटकली नाही.

रजत साहेबांनी कागदाकडे पाहिलं, हळदीकडे पाहिलं आणि मयुरीकडे पाहिलं. मयुरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

रूपराव पुढे झाले. "साहब, मॅडमनं लिहलं वो नजर पैसेवारी थी. ये सुधारित है. आकडा मेराच था, उसका कुछ नहीं."

"तो सुधारित कितना है?"

रूपरावांनी तोंड उघडलं. सदतीस वर्षांत त्या वाटेने कधी न गेलेला शब्द आतून निघाला आणि मधेच अडला. "पंचा... पंचावन."

विमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"सत्तर," रूपराव म्हणाले.

विमलाबाई पाहतच राहिल्या.

"ब्याण्णव," रूपराव म्हणाले आणि त्यांना खाटेवर बसावं लागलं. मयुरीने त्यांना पाणी दिलं.

"पंद्रह दिन में बयालीस से बानवे?" रजत साहेबांनी विचारलं.

"साहब, हल्दी जमीन के अंदर रहती," विमलाबाई शांतपणे म्हणाल्या. "ऊपर से किसकू दिखती?"

रजत साहेब जुने अधिकारी होते. त्यांना कारण खरं आहे की नाही याच्याशी कर्तव्य नव्हतं, फाइलमध्ये बसतं की नाही एवढंच ते पाहत. हे बसत होतं. त्यांनी लिहिलं: पीक भूमिगत असल्याने प्राथमिक अंदाजात तफावत.

मग सगळे जेवायला बसले. ती बाई नेमकी त्याच खुर्चीत बसली जी धम्मदीपसाठी पुसून ठेवली होती. पातोडीच्या रश्श्याने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं आणि पुन्हा वाटी पुढे केली. विमलाबाई वाढत राहिल्या. शेवटी त्या रजत साहेबांना म्हणाल्या, "इसकू पूछो ना, मेरे लड़के कू देखी क्या कभी?"

रजत साहेबांनी विचारलं. बाई बराच वेळ बोलली. "देखा है, कहती हैं," ते म्हणाले. "हल्दी की हर मीटिंग में आता है. अच्छा लड़का है. बस, चाय हमेशा आधी छोड़ देता है."

विमलाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "अद्रक नसन टाकत तिथं," त्या म्हणाल्या आणि हे कोणी भाषांतर केलं नाही.

निघताना त्यांनी बाईच्या हातात हळदीचा तोच गड्डा फडक्यात बांधून दिला. वकिलातीच्या माणसाच्या हातात खारोड्यांचा डबा दिला आणि तो कोणासाठी आहे हे तीनदा सांगितलं.

संकट संपलं. त्या देशात लोक पुन्हा दुधात आख्खा चमचा टाकू लागले. करारावर सह्या झाल्या. राजदूतांच्या टेबलावर आता हळदीचं काही उरलं नाही, म्हणून खालचा एक जुना अर्ज वर आला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, सकाळी साडेनऊच्या बसने धम्मदीप आंजीच्या स्टँडवर उतरला. पथकात नाही, गाड्या नाहीत, नऊ दिवसांची रजा.

विमलाबाईंनी त्याला दारातच दोन्ही दंडांना धरून पाहिलं, गड्डा पाहावा तसं. "बारीक झाला," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. त्या दिवशी त्यांनी इतकं अद्रक कुटलं की वास कौशल्याबाईंच्या घरापर्यंत गेला.

बापलेक खाटेवर बसले. रूपरावांच्या मनावर जवळजवळ तीन महिने ओझं होतं. त्यांनी घसा साफ केला. "ते बयाळीसचं जरा..."

"राहू द्या, बाबा. तुमच्या पैसेवारीवरच त वाढलो मी. मी सातवीत होतो, तवा तुम्ही शेचाळीस लिहलं होतं. त्या साली कापूस ठेवायले घरात जागा नव्हती, मी अंगणात झोपत होतो."

रूपराव थक्क झाले. "तुले समजलं होतं? मंग लिहलं काऊन?"

धम्मदीपने कप उचलला आणि चहा तळापर्यंत संपवला. "पथकाच्या यादीत पहिलं नाव मीच टाकलं होतं," तो म्हणाला. "माझंच."

आत दुसऱ्या चहासाठी अद्रक कुटण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

नऊ दिवस नऊच दिवस असतात. दहाव्या दिवशी खुर्ची पुसून भिंतीला लागली. पुढचा शनिवार आला आणि वाकळ दोरीवर गेली. कौशल्याबाईंनी या खेपेला काही विचारलं नाही. फेब्रुवारीत हळद निघाली, शिजली, अंगणात वाळत पडली. शेतात पाहण्यासारखं काही राहिलं नाही, तरी रूपराव शनिवारी छत्री घेऊन फिरून येत.

रविवारी सहा वाजता फोन आला.

"बाबा, हळद कशी हाय?"

"चांगली हाय. रंग चढला. ब्याण्णवची अंतिम झाली." आता हा आकडा त्यांना म्हणता येऊ लागला होता. "तिकडून पाहायले येण्यासारखं काई नाई."

"आणि घरची?" धम्मदीपने विचारलं. "घरची पैसेवारी किती?"

रूपरावांनी वही मिटली. दोरीवर वाकळ होती. विमलाबाई बाजूला पदर सारखा करत बसल्या होत्या आणि भलतीकडेच पाहत होत्या.

या वेळी कोणी काही सुचवलं नाही, कोणी पाहिलंही नाही. रूपरावांनी नीट अंदाज घेतला.

"एकोणपन्नास," ते म्हणाले.

पलीकडे शांतता पसरली. लाइन चांगली होती.

"बरं," धम्मदीप म्हणाला. "लिहतो."